हायड्रोसेफॅलस: शंट बसवावा की दुर्बिणीने छिद्र करावे?

प्रश्न:
माझ्या ८ महिन्यांच्या भाचीला हायड्रोसेफॅलस (मेंदूच्या पोकळ्यांत पाण्यासारखा द्रव साठणे) असून, मेंदूतील तिसऱ्या आणि चौथ्या पोकळीला जोडणारी नलिका जन्मतःच अरुंद असल्याचे एमआरआयमध्ये दिसले आहे. सर्जनांनी शंटऐवजी (साठलेला द्रव शरीरात दुसरीकडे वळवणाऱ्या नळीऐवजी) दुर्बिणीने छिद्र करण्याचा पर्याय सुचवला आहे. नळी न घालता पाणी वाहते कसे राहणार?

प्रतिसाद १:
प्रौढ माणसाच्या मेंदूत रोज सुमारे ५०० मिलिलिटर द्रव तयार होतो आणि जवळपास तेवढाच रक्तात शोषला जातो. तुमच्या भाचीच्या बाबतीत अडथळा मधल्या वाटेत आहे. त्यापुढची शोषणाची व्यवस्था शाबूत असेल, तर तिसऱ्या पोकळीच्या पातळ तळाला छिद्र पाडून ते छोट्या फुग्याने रुंद केल्यावर द्रव अडलेली नलिका टाळून मेंदूखालच्या जागेत उतरतो. त्या तळाच्या अगदी खालून मोठी धमनी जाते, म्हणून सर्जनचा अनुभव अवश्य विचारा. शंटमध्ये नळी तुंबण्याची आणि जंतुसंसर्गाची जी टांगती तलवार असते, ती येथे बरीचशी टळते.

प्रतिसाद २:
यशाचा अंदाज बांधण्यासाठी वय, कारण आणि आधीचा शंट यांवर आधारित गुणपद्धती वापरतात. ६ महिने ते १ वर्ष वयाला ३०, नलिका अरुंद असण्याला ३० आणि आधी शंट नसल्यास १०, असे भाचीचे ७० गुण होतात; म्हणजे पहिले ६ महिने छिद्र पुरेसे ठरण्याची शक्यता साधारण ७० टक्के. हाच आजार मेंदूज्वरानंतर झाला असता, तर कारणाचे गुण शून्य धरून बेरीज ४० वर आली असती.

प्रश्नकर्ता:
उरलेल्या ३० टक्क्यांत काय होते?

प्रतिसाद ३ (एक पालक):
आमच्या मुलाचे छिद्र चौथ्या महिन्यात बुजले. टाळू ताठ झाली, उलट्या सुरू झाल्या, तो सतत झोपू लागला आणि अखेर शंट बसवावा लागला. आम्ही मात्र त्याआधीच एका स्कॅनमध्ये पोकळ्या मोठ्याच दिसल्याने विनाकारण धास्तावलो होतो. छिद्र चालू असतानाही त्या फारशा आकसत नाहीत, हे आम्हाला नंतर कळले.

प्रतिसाद १:
खरे आहे. म्हणून डोक्याचा घेर नियमित मोजा, आणि शंका आल्यास छिद्रातून होणारा प्रवाह दाखवणारा विशेष एमआरआय करून घ्या. क्वचित काही वर्षांनंतरही छिद्र अचानक बंद होते. तेव्हा अशी लक्षणे दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.