मदत हवी आहे : पऱ्हाटीत वापरायला टिकाऊ फ्लॅश कॉर्ड कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा तालुक्यातला. घरी कापूस-तूर. खरिपात पऱ्हाटीवरच्या (कापसाच्या झाडांवरच्या) किडींचे आणि मित्रकिडींचे अगदी जवळून फोटो काढतो आणि गावच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून हे काम मला फार महत्त्वाचं वाटतं. फोटो पाहिला की माणूस पंप पाठीवर घेण्याआधी एकदा पान उलटून बघतो. ढालकिड्याची अळी बहुतेकांना कीडच वाटते. ती मावा खाते हे फोटो दाखवून सांगितलं की पटतं.

सामान असं आहे: कॅनन २०० डी मार्क २, ५५-२५० लेन्स, तिच्या तोंडावर रेनॉक्स डीसीआर-२५० (अगदी जवळून फोटो काढायचं जोडभिंग) आणि कॅनन टीटीएलचा फ्लॅश (टीटीएल म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून कॅमेराच फ्लॅशचा जोर ठरवतो). छिद्र एफ/११ आणि शटर १/२०० सेकंद ठेवून काम करतो. किडा लेन्सपासून वीतभरही लांब नसतो, त्यामुळे फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवला तर लेन्सचीच सावली पडते. म्हणून कॉर्ड, म्हणजे कॅमेरा आणि फ्लॅश जोडणारी वायर, लावून फ्लॅश बाजूला घ्यावा लागतो. डोमकळीचंच बघा. पाकळ्या पिळून मिटलेल्या असतात, त्या उकलल्या की आत गुलाबी बोंडअळी. पण लहान असताना ती गुलाबी नसते, पांढुरकी असते. समोरून उजेड मारला की पाकळीत हरवते. बाजूने मारला की तपकिरी डोकं लगेच दिसतं. शेतकऱ्याला नेमकी त्याच वयातली अळी ओळखता यायला हवी, कारण बोंडात शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही.

अडचण कॉर्डची आहे. वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेल्या कॉर्ड एकाच जागी गेल्या: स्प्रिंगसारखी वायर जिथे शूमध्ये (कॅमेऱ्यावर आणि फ्लॅशखाली बसणाऱ्या टोकात) शिरते तिथे. आधी फ्लॅशच्या पडद्यावरून टीटीएल जातं, मग वायर दाबून धरली की चालते, सोडली की बंद. पिकाच्या दोन तासांमधून (ओळींमधून) चालताना वायर फांद्यांत अडकते. सकाळी दहिवर, दुपारी घाम, आणि डवरणी (ओळींमधली कोळपणी) झाली की काळी माती सगळ्यात शिरते. एका कॉर्डचं तर रबरच चिकट झालं.

कॅनन कंपनीचीच ओसी-ई३ कॉर्ड घ्यावी, की दुसऱ्या कोणाची चांगली निघते? वायर स्प्रिंगची बरी की सरळ? दुकानात हातात घेऊन पारखायची तर काय बघावं? नागपूर-अमरावतीला जाणं होतं, त्यामुळे बघून घेता येईल.

प्रतिसाद १ (वाशीम)

भाऊ, काम लई चांगलं आहे. मी लग्नाचे फोटो काढतो, वराती आणि हळदीत कॉर्डचे हाल तुमच्या शेतापेक्षा कमी होत नाहीत.

सगळ्यात आधी एक गोष्ट. तुमच्या २०० डी मार्क २ च्या हॉट शूला (फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेला) मधली पिनच नाही. त्यामुळे फक्त मधल्या पिनवर चालणारी साधी सिंक कॉर्ड किंवा साधा बिनतारी ट्रिगर घेऊ नका, फ्लॅश पेटणारच नाही. कॅननच्या टीटीएलचे सगळे संपर्क पुढे नेणारीच कॉर्ड हवी. दुकानदाराने "सगळ्याला चालते" म्हटलं तरी स्वतःचा कॅमेरा आणि फ्लॅश लावून बघा.

ओसी-ई३ धूळ आणि पाण्याचे शिंतोडे सोसेल अशी बनवलेली आहे. लांबी साधारण ६० सेंमी, तुमच्या कामाला पुरे. लांब कॉर्ड घेऊन उपयोग नाही, तेवढी जास्त फांद्यांत अडकेल. दुसऱ्या कंपनीची घ्यायची झाली तर तीन जागा बघा. वायर शूमध्ये शिरते तिथे लांब, लवचीक रबरी बाही असावी. नुसतं भोक असेल तर ठेवून द्या. फ्लॅश बसतो तो शू धातूचा असावा. आणि कॅमेऱ्याकडचं कुलूप घट्ट बसून हलत नाही ना ते बघा. मग फ्लॅश चालू करून दोन्ही टोकांशी वायर हळूच वाकवत फोटो काढत राहा. एकही फोटो अंधारा आला तर ती कॉर्ड घेऊ नका.

प्रतिसाद २ (नागपूर)

कॅननचा टीटीएल ट्रिगर का नाही घेत? वायरच नाही म्हटल्यावर तुटायचा प्रश्नच मिटला.

धागाकर्ता

विचार केला होता दादा. पण हातभर अंतरासाठी कॅमेऱ्यावर आणखी एक डबा, त्याचे सेल वेगळे. पानाखाली वाकून कॅमेरा उलटा धरावा लागतो तेव्हा तेवढं वजनही जाणवतं. कॉर्डला सेल लागत नाही, हा माझ्यासाठी मोठा फायदा.

प्रतिसाद ३ (वरोरा)

मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं काम करतो, कॅमेऱ्याचंही थोडंफार येतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कॉर्ड तुम्ही सांगता तिथेच गेलेल्या असतात, कारण सगळा ताण त्या एका वळणावर येतो. फ्लॅश हातात धरू नका, एल आकाराच्या ब्रॅकेटवर बसवा. शूपासून चार बोटं सोडून वायर ब्रॅकेटला वेल्क्रोच्या पट्टीने बांधा, मधे थोडी सैल ठेवा. मग फांदीने ओढली तरी झटका पट्टीला बसतो, आतल्या तारांना नाही. स्प्रिंगचीच वायर घ्या, पण ताणून वापरू नका. जेवढी ओढून लांब होते त्याच्या निम्म्यातच काम भागलं पाहिजे.

घरी आल्यावर संपर्कांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापूस फिरवा. फवारणी झालेल्या शेतातून आलात तर वायरही पुसा. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, रबर त्यानेही चिकट होतं.

आणि जुन्या कॉर्ड फेकू नका. कॅमेरा आणि फ्लॅश दोन्हींपासून काढून शूचे बारीक स्क्रू उघडा, कोणत्या रंगाची तार कुठे आहे त्याचा मोबाईलवर फोटो घ्या. तुटलेल्या जागेपुढे वायर कापून पुन्हा झाळली की चालते. लांबी थोडी कमी होईल, पण तुमच्या कामात ती खटकणार नाही. सोल्डरिंगचा हात नसेल तर तालुक्यातल्या दुरुस्तीवाल्याकडे तो फोटो घेऊन जा.

धागाकर्ता

खूप आभार सगळ्यांचे. मधल्या पिनचं मला माहीतच नव्हतं. ओसी-ई३ कॅमेरा लावून बघून घेतो आणि जुन्यांपैकी एक झाळून घेतो. एल ब्रॅकेटबद्दल एवढंच सांगा: रेनॉक्स लावल्यावर फ्लॅश लेन्सच्या तोंडापर्यंत पुढे येईल असं ब्रॅकेट कोणी वापरलंय का? बाजारात दिसतात त्यांत फ्लॅश कॅमेऱ्याच्या शेजारीच उभा राहतो, मला तो पुढे आणि थोडा वर हवा आहे.