बजेटमधलं ग्राफिक्स कार्ड: इंदूरकरांनो, तुमचा अनुभव लिहा

धागाकर्ता, तिलकनगर

दिवाळी जवळ आली की भाचे, पुतणे आणि त्यांच्या मित्रांचा एकच प्रश्न सुरू होतो: "काका, कार्ड कुठलं घेऊ?" मी उलट विचारतो, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारी पेटी) कुठला आहे? की पलीकडे सगळं शांत. म्हणून हा धागा. पंचवीस हजारांच्या आत कार्ड बदललेल्यांनी लिहा: आधी काय होतं, काय घेतलं, आणि कार्डाशिवाय आणखी किती पैसे गेले. हा शेवटचा आकडा कुणी आपणहून सांगत नाही. बेंचमार्कचे (वेग मोजल्याचे) तक्ते मात्र नकोत, ते यूट्यूबवर पोत्याने आहेत.

माझ्यापासून सुरुवात करतो. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० आणि १०८०पी मॉनिटर, जो बदलायचा नव्हता. सिल्व्हर मॉलमधल्या एका दुकानात आरएक्स ६५०० एक्सटी पुढे केलं गेलं. "भिया, नंबर तो देखो, सोलासौ पचास से सीधा पैंसठसौ!" नंबर मोठा खरा, पण जीटीएक्स एनव्हिडियाचं, आरएक्स एएमडीचं, दोन वेगळ्या कंपन्यांचे नंबर एकमेकांशी लावायचे कसे? मेमरी तीच ४ जीबी. त्यात हे कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड ज्या स्लॉटमधून बोर्डाशी बोलतं त्याच्या, चारच लेन वापरतं. बोर्ड पीसीआयईच्या चौथ्या पिढीचा असेल तर निभतं. माझा तिसऱ्या पिढीचा, म्हणजे रस्ता निम्मा. कार्डाची मेमरी भरली की टेक्श्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) त्याच अरुंद रस्त्याने रॅममधून येणार आणि गेम अडखळणार. शिवाय त्यात रेकॉर्डिंगला लागणारा व्हिडिओ एन्कोडर नाही, आणि आमच्या चिरंजीवांना खेळण्यापेक्षा रेकॉर्डिंगची हौस जास्त.

आरएक्स ६६०० घेतलं. ८ जीबी, आठ लेन, १३२ वॅट, एकच आठ-पिनी कनेक्टर. एसएमपीएस ५५० वॅटचा ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का असलेला) होता, त्यामुळे वरखर्च शून्य.

सुदामानगरहून एक आई

आमच्याकडे लेकाने ऑफिसातून निघालेला छोटा डेस्कटॉप घेतला होता, आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर. स्वस्त, छान, पण डबा इतका चपटा की साधं कार्ड आतच जात नाही, आणि एसएमपीएसमधून कार्डासाठी एकही वायर येत नाही. कनेक्टर नसेल तर कार्डाला फक्त स्लॉटमधून वीज मिळते, तीही जास्तीत जास्त ७५ वॅट. हे मला लेकाने शिकवलं, मग मीच दुकानदारांची उलटतपासणी घेऊ लागले.

इथे एक घोळ आहे, लक्षात ठेवा. आरटीएक्स ३०५० नावाची दोन कार्डं मिळतात. ८ जीबीचं १३० वॅटचं, त्याला वेगळी वायर लागते. ६ जीबीचं ७० वॅटचं, ते स्लॉटवरच चालतं, पण वेगही कमी. नाव एकच! एका दुकानदाराने बिलावर नुसतं "३०५०" लिहिलं होतं. मी म्हटलं, दादा, जीबी लिहा, मॉडेल लिहा, सीरियल नंबर लिहा. तोंड वाकडं केलं, पण लिहिलं.

आम्ही ६ जीबीचं, कमी उंचीचं घेतलं. खोक्यात छोटी लोखंडी पट्टी वेगळी येते, ती लावावी लागते. मोठी पट्टी काढताना डिस्प्ले पोर्टाजवळचे स्क्रू इतके बारीक की मी चष्मा लावून बसले, खाली स्टीलची वाटी धरली आणि लेकाला श्वास रोखून धरायला लावलं. बसलं एकदाचं. जीटीए फाइव्ह आणि व्हॅलोरंट मजेत चालतात. नवे जड गेम मीडियमवर, तेही डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारी एनव्हिडियाची युक्ती) लावून. बारावीच्या वर्षाला तेवढं पुरे आहे, असं माझं मत. त्याचं वेगळं आहे.

पलासियावाला

सगळे नवंच घेताय? सेकंडहँडकडे बघा की. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग (कार्डं राबवून आभासी चलन कमावणं) थांबलं आणि बाजारात कार्डांचा पूर आला. त्या काळात मी आरएक्स ५८० ८ जीबी उचललं. मायनिंगचं कार्ड म्हणून लोक घाबरतात. चिप सहसा टिकते. जातात ते पंखे, सुकते ती चिपवरची पेस्ट, आणि कधीकधी आतलं बायॉस (कार्डाचं मूळ सॉफ्टवेअर) बदललेलं असतं.

विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्याच मशीनवर लावून बघायचं. पेन ड्राइव्हवर कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड आणि कार्डाला ताण देणारं फरमार्क न्यायचं. जीपीयू-झेडमध्ये शेडर (चिपमधले छोटे गणक) २३०४ दिसले पाहिजेत. २०४८ दिसले तर ते ५८० च्या नावाखाली जवळजवळ ५७० च आहे, त्याच भावात घेऊ नका. मग फरमार्क लावून चहा मागायचा आणि सावकाश प्यायचा. पंखा खरखरला, स्क्रीनवर ठिपके आले किंवा तापमान नव्वदीकडे निघालं, तर चहाबद्दल धन्यवाद म्हणून उठायचं.

धागाकर्ता

पलासियावाले, तेव्हा सौदा चांगला होता, पण आज तेच कार्ड कुणाला सुचवू नका. ५८० च्या पिढीला एएमडीने २०२३ मध्येच मुख्य ड्रायव्हरपासून (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून) वेगळं काढलं. एनव्हिडियानेही जीटीएक्स १० मालिकेचे नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर २०२५ मध्ये थांबवले. १०६० आज कितीही स्वस्त मिळो, काही नवे गेम रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा हिशेब करणारं) हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाहीत.

पलासियावाला

मान्य. तपासायची पद्धत मात्र तीच राहील. आणि बिल मागाच, वॉरंटी शिल्लक असली तर त्याशिवाय दाद कोण देणार?

भंवरकुआँचा भाडेकरू

यूपीएसचं कुणीच लिहिलं नाही. माझा ६०० व्हीएचा आहे, म्हणजे खरे साधारण ३६० वॅट. १६५० होतं तोवर लाइट गेली की आरामात सेव्ह करून बंद करायचो. २३० वॅटचं आरएक्स ६७०० एक्सटी सेकंडहँड घेतलं, आणि मे महिन्यातल्या वावटळीत लाइट गेली रे गेली की यूपीएस एकदा किंचाळून गप्प. आता मोठा यूपीएस घ्यायचा की गेम चालू असताना आकाशाकडे बघत बसायचं? तूर्त आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट खाली आणलीय आणि फ्रेम (चित्रं) सेकंदाला ६० वर बांधल्यात. खोलीही कमी तापते, घरमालकांचं वीजबिलावरचं लेक्चरही.

रामबाग

मी कार्ड घेतलंच नाही, चालेल का इथे लिहिलेलं?

चौथ्या पिढीचा आय५ आणि जीटीएक्स १६६०. इंटेलचं आर्क बी५८० बघून लाळ गळत होती, १२ जीबी मेमरी या भावात! पण त्याला बोर्डावर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, नाहीतर वेग बराच पडतो, आणि माझ्या बोर्डावर तो नाही. मग एका मित्राने आफ्टरबर्नर लावून दाखवलं: व्हॅलोरंट खेळताना कार्ड जेमतेम अर्धं वापरात, प्रोसेसर घामाघूम. रिझोल्यूशन कमी केलं तरी फ्रेम वाढेनात. म्हणजे अडलेलं प्रोसेसरपाशी. त्याच पैशात आय५ १२४००एफ, बोर्ड आणि रॅमच्या १६ जीबीच्या दोन काड्या आल्या. कार्ड जुनंच, आणि फ्रेम सुटल्यात.

वैशालीनगर, आर्किटेक्चर तिसरं वर्ष

माझं उत्तर वेगळं, कारण दिवसा ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) आणि रात्री गेम. आरटीएक्स ३०६० १२ जीबी घेतलं. फक्त खेळायचं असतं तर काकांसारखं ६६०० घेऊन चार पैसे वाचवले असते. पण रेंडरला एनव्हिडियाचं कार्ड सोयीचं पडतं, आणि मोठा सीन ८ जीबीत मावत नाही. १७० वॅटच्या कार्डासाठी एसएमपीएस बदलावा लागला. जुन्यावर "५०० वॅट" छापलेलं होतं, पण आठ-पिनी वायरच नव्हती. दुकानात मोलेक्सवरून (जुन्या चारपिनी वायरवरून) जोडणारी पिन फुकट देत होते. बाबांनी फ्रीजच्या शॉर्ट सर्किटची आठवण काढली आणि ती पिन काउंटरवरच राहिली.

कार्डाशिवायचा आकडा: एसएमपीएसचे चार हजार दोनशे, आणि बसवायचे तीनशे मागत होते, ते मी वाचवले.

सुदामानगरहून एक आई

वैशालीनगर, कुठल्या कंपनीचा एसएमपीएस घेतलास गं? आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलालाही बदलायचाय.

वैशालीनगर, आर्किटेक्चर तिसरं वर्ष

काकू, कंपनीपेक्षा त्याच्या अंगावरचं स्टिकर वाचायला सांगा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलंय ते बघायचं, त्याला बारानं गुणायचं. ५०० च्या आसपास आलं तर तो खरा ५०० वॅटचा. माझ्या जुन्याचं २१६ आलं होतं.