संचार साथीची सक्ती कायले?

सेक्रेटरी ए-१०१: काल बी विंगच्या काकांना डिजिटल अरेस्टवाला कॉल आला, खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटकेची धमकी देऊन पैसे मागतात तो. रविवारपर्यंत सगळ्यांनी फोनमध्ये सरकारचं संचार साथी ॲप टाकून स्क्रीनशॉट या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवा. सक्तीचं आहे.

ए-४०२ ताई: सक्ती कोणी ठरवली भाऊ? मीटिंग तर झालीच नाही. सरकारनं २८ नोव्हेंबर २०२५ ला कंपन्यांना सांगितलं होतं नव्या फोनमध्ये आधीच टाकून द्या, ओरड झाली तर ३ डिसेंबरला मागं घेतलं. दिल्लीनं सोडलं अन् तुम्ही धरून बसले.

सी-२०३ काका: पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा 🙏

सेक्रेटरी ए-१०१: सुरक्षेसाठीच सांगून राहिलो. सीसीटीव्हीच्या वेळेसही तुम्हीच आडव्या आल्या होत्या.

ए-४०२ ताई: कॅमेऱ्याचं तोंड माझ्या दारात होतं म्हणून.

सी-३०१ मिहान: ॲप चांगलं आहे, चोरीचा फोन ब्लॉक होतो, आपल्या नावावर किती सिम ते दिसतं, मी स्वतः वापरतो, पण माझ्या मर्जीनं. तेव्हाच सिम बाइंडिंगचाही आदेश निघाला, म्हणजे ज्या सिमवर व्हॉट्सॲप ते फोनमध्ये असलं तरच चालणार, अन् वेबवरचं लॉगिन दर ६ तासांनी बंद करा असं त्यात होतं. बाहेरदेशात बसून आपले नंबर वापरतात हे खरं, उपाय पाहिजेच, पण आमचं दिवसभराचं काम लॅपटॉपवरून चालते ना. २०२२ पासून सर्ट-इनचं, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं, वेगळंच, कंपनीवर सायबर हल्ला झाला की ६ तासांत कळवा, १८० दिवसांचे लॉग म्हणजे सिस्टिमच्या नोंदी ठेवा. बँकेकडे माणसं आहेत, छोट्या कंपनीत कोण करणार?

बी-५०१: ६ तासांत?? आपली लिफ्टची कम्प्लेंट ६ दिवसांत कोणी पाहत नाही 😂

सेक्रेटरी ए-१०१: लिफ्ट इथे नको. मेंटेनन्स कोणी थकवला सगळ्यांना माहीत आहे.

बी-५०१: नाव घ्या ना मग.

सी-२०३ काका: १९३० 🙏

बी-१०२ काकू: हक्क ठीक आहे हो, पण आमचे हे दार लावून त्या कॉलवर बसले होते, अजून जेवले नाही बाप्पा.

ए-४०२ ताई: काकू, संध्याकाळी येते मी. त्यांना सांगा, व्हिडिओ कॉलवर अटक होतच नाही, कायद्यात असं काही नाहीच. सेक्रेटरी भाऊ, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा मूलभूत हक्क म्हटला, त्यात आपल्या नागपूरचे बोबडे साहेब होते. त्यात हात घालायचा तर कायदा हवा, कारण हवं अन् गरजेपुरतंच हवं. अन् गेटवर कामवाल्या बायांच्या आधारच्या झेरॉक्स उघड्या पडल्या आहेत, कोणीही फोटो काढेल, ते आधी पाहा.

सेक्रेटरी ए-१०१: बरं, सक्ती मागं. झेरॉक्स उद्या कपाटात टाकतो. मीटिंग रविवारी ११ ला.

ए-४०२ ताई: कपाटात नको, ज्यांच्या आहेत त्यांना परत द्या.

बी-५०१: अन् लिफ्ट?