अप्लास्टिक अ‍ॅनिमिया: लोहाच्या गोळ्या आणि बहिणीचे रक्त द्यावे का?

प्रश्न
माझ्या १९ वर्षांच्या भाच्याच्या अंगावर निळे डाग उठू लागले आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागले, म्हणून तपासणी केली असता तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी कमी आढळल्या. अस्थिमज्जेच्या तपासणीनंतर अप्लास्टिक अ‍ॅनिमियाचे निदान झाले आहे. हा रक्ताचा कर्करोग आहे का? लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर यांनी काही साधेल का? त्याची सख्खी बहीण रक्त द्यायला तयार आहे. ते घ्यावे का?

प्रतिसाद १
हा कर्करोग नव्हे. या आजारात मज्जेतील मूळ पेशीच नाहीशा होत जातात आणि त्यांच्या जागी चरबी भरते. बहुतेक रुग्णांत शरीराच्याच टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) त्यांच्यावर हल्ला करतात असे मानले जाते. त्यामुळे लोह देऊन उपयोग नाही. उलट वारंवार रक्त चढवावे लागल्याने शरीरात जादा लोह साठत जाते. खजुरावरून घरात वाद घालण्यापेक्षा अहवालातले आकडे पाहा. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० पेक्षा आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) २०,००० पेक्षा कमी (दोन्ही प्रति मायक्रोलिटर) असून मज्जाही जवळजवळ रिकामी असेल, तर आजार तीव्र समजतात आणि उपचार लांबवत नाहीत.

प्रतिसाद २
बहिणीचे रक्त कृपया घेऊ नका. सख्ख्या भावंडाचे एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा, ज्यांवरून शरीर आपले-परके ठरवते) पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते आणि ते जुळल्यास या वयात मज्जा प्रत्यारोपण हाच पहिला उपाय ठरतो; आधीच तिचे रक्त दिले, तर भाच्याचे शरीर तिच्या पेशींविरुद्ध सावध होऊन पुढे प्रत्यारोपण नाकारू शकते. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया (मज्जा निकामी करणारा आनुवंशिक आजार) याची चाचणीही दोघांची करावी, कारण हा दोष बहिणीत लक्षणांविना असू शकतो आणि भाच्यात तो असल्यास प्रत्यारोपणापूर्वीच्या औषधांची मात्रा बरीच कमी ठेवावी लागते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी येथे या विकाराच्या चाचण्या होतात.

प्रतिसाद ३
एचएलए जुळले नाही, तर एटीजी व सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्तीचा हल्ला रोखणारी औषधे) आणि एल्ट्रोम्बोपॅग (रक्तपेशींची निर्मिती वाढवणारे औषध) असा उपचार देतात. त्याचा परिणाम दिसायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. याच काळात धीर सुटून औषध परस्पर बंद केले जाते, आणि ते फार महागात पडते. तोवर अ‍ॅस्पिरिन व स्नायूत दिली जाणारी इंजेक्शने टाळावीत, आणि ताप आल्यास रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठावे.