चौथी सीट आणि मेथीची जुडी

मोबाइल आल्यापासून लोकलमध्ये निरीक्षण करण्याजोगे काही उरले नाही, हे मत मला पटत नाही. तिघांच्या बाकावर चौथी प्रवासी येऊन टेकते, तेव्हा पडद्यावरची नजर न हलवता बाकीच्या तिघी नेमक्या चार बोटे सरकतात. संध्याकाळी सीएसएमटीहून परतताना महिलांच्या डब्यात माझ्यासमोर बसणाऱ्या एक बाई मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडतात. घाटकोपर येईपर्यंत जुडी संपलेली असते, आणि ‘कुठे उतरणार?’ असे विचारणाऱ्या मुलीला, मान वर न करताच, ‘ठाणे’ एवढे एकच उत्तर मिळते. तेवढ्यावर जागेचे आरक्षण होते. (ते मोडण्याचे धाडस मी तरी अजून केलेले नाही.) मोबाइल मात्र त्यांच्या पिशवीत, देठांखाली, वाजत असतो.