सोसायटी ग्रुप: रविवारी टॉय पॉम आणतोय, काय तयारी लागते?

बी-५०३ चिऊची आई: नमस्कार सगळ्यांना. चिऊच्या दहाव्या वाढदिवसाला टॉय पोमेरेनियन (पॉम) कुत्र्याचं पिल्लू आणतोय, रविवारी मिळणार आहे. विकणारा म्हणतो 'टीकप' आहे, आयुष्यभर तळहाताएवढाच राहतो. पिल्लू ३५ दिवसांचं आहे आणि सगळ्या लसी झाल्यात म्हणे. कुणाला अनुभव असेल तर सांगा ना. फोटो बघितल्यापासून चिऊ हवेत आहे आणि मला मात्र धाकधूक वाटतेय.

ए-१०४ काका: झालं, परत सुरू. राजा कुत्र्याचं प्रकरण बाकीचे विसरले असतील, मी विसरलेलो नाही. कुत्रं आणण्याआधी वरच्या-खालच्या घरांना विचारा. दिवसभर घराला कुलूप राहणार असेल तर आणूच नका.

डी-४०४: काका, टॉय आहे हो. भुंकायला लागला की सेल काढून ठेवतील 😄

ए-१०४ काका: तुम्ही डी विंगला राहता. तुम्हाला हसायला काय जातंय?

सी-२०२ ताई: चिऊच्या आई, आधी एक सांगा, ३५ दिवस हे नक्की? तसं असेल तर रविवारी आणू नका, हात जोडते. पिल्लू निदान ८ आठवडे आईजवळ राहायला हवं. दात किती जोरात लावायचे, कुठे थांबायचं हे ते आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. आणि लसींचं तो चक्क खोटं बोलतोय. पहिली लसच ६ ते ८ आठवड्यांची झाल्यावर देतात, मग ३-४ आठवड्यांच्या अंतराने साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालू राहतात. रेबीजची तर १२ आठवड्यांच्या आधी नसतेच. ३५ दिवसांत सगळ्या कशा होतील?

बी-५०३ चिऊची आई: अरे देवा. त्याने कार्डाचा फोटो पण पाठवलाय, शिक्के आहेत त्यावर.

सी-२०२ ताई: शिक्का कुणीही मारतं. त्याला म्हणावं, पिल्लू आईचं दूध पितानाचा व्हिडिओ पाठव. प्रत्यक्ष जाऊन आई बघता आली तर उत्तमच. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

बी-३०१ आजोबा: पोमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा प्रदेश, आज थोडा पोलंडमध्ये, थोडा जर्मनीत. हे कुत्रं मूळचं स्पिट्झ, म्हणजे दाट केसांच्या, उभ्या कानांच्या कुत्र्यांच्या कुळातलं आणि पूर्वी चांगलं मोठं असायचं. व्हिक्टोरिया राणीने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा पॉम आणला आणि तिच्यामुळे लहान चणीच्या पॉमची आवड पसरली. १९०१ मध्ये ती गेली तेव्हा टुरी नावाचा पॉम तिच्या पलंगावर होता. टायटॅनिकमधून वाचलेल्या ३ कुत्र्यांतही २ पॉमच होते.

डी-४०४: वा आजोबा! म्हणजे बोट बुडाली तरी पॉम बुडत नाही 😄

ए-१०४ काका: बोटीचं सोडा, बिल्डिंगचं बोला. वर गेलं म्हणून पुन्हा टाकतो. कुत्रं आणण्याआधी वरच्या-खालच्या घरांना विचारा. दिवसभर घराला कुलूप राहणार असेल तर आणूच नका.

बी-२०३: आणि जिन्यातल्या घाणीचं कोण बघणार? मागच्या आठवड्यात दोनदा मीच पुसलंय. नाव घेत नाही.

सी-२०२ ताई: नाव घ्याच. माझी पॉम चिंगी ११ वर्षांची आहे. ११ वर्षांत एकदाही मी पिशवीशिवाय खाली उतरलेले नाही.

बी-२०३: मी तुम्हाला म्हटलंच नव्हतं ताई. तुम्ही का लावून घेताय?

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहूया. जिन्याचं मीटिंगमध्ये घेऊ.

बी-५०३ चिऊची आई: ताई, टीकप ही वेगळी जात असते का?

सी-२०२ ताई: नाही. टीकप ही जातच नाही, कुठलाही केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या जाती ठरवणारी संस्था, तसं मानत नाही. पॉम हाच मुळात टॉय, म्हणजे छोट्या जातींच्या गटातला, म्हणून 'टॉय पॉम' असंही काही वेगळं नसतं. अमेरिकन केनेल क्लबच्या हिशोबाने मोठा झालेला पॉम १.४ ते ३.२ किलोचा. त्याहून बारीक म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा अशक्त कुत्र्यांपासून पैदास केलेलं असतं, नाहीतर कोवळं पिल्लूच लहान म्हणून खपवतात. उलट्या बाजूनेही फसवणूक होते. पांढरा, लांब तोंडाचा इंडियन स्पिट्झ पॉम म्हणून देतात, तो वाढून तिप्पट होतो. त्यात वाईट काही नाही, चांगलं कुत्रं आहे, पण घेणाऱ्याला कळायला हवं ना.

आणि लहान असणं हीच खरी काळजी आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चिंगी अडीच महिन्यांची असताना एका रात्री तिची मान डुगडुगायला लागली. उभी राहिली की मागचे पाय पसरत होते, हिरड्या पांढऱ्याफटक. दुपारचं खाणं तिने सोडलं होतं आणि मी म्हटलं राहू दे, भूक लागली की खाईल. इवल्या पिल्लाच्या अंगात साठाच नसतो, साखर उतरते. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, बोटाने हिरड्यांना मध चोळा आणि तसेच निघा. वाचली. तेव्हापासून ४ महिन्यांची होईपर्यंत दिवसातून ४ वेळा मोजून भरवलं. तुम्ही दोघंही ऑफिसला जाता, चिऊ शाळेत. दुपारचं कोण भरवणार?

बी-५०३ चिऊची आई: बाल्कनीत पाणी आणि खाणं ठेवून जायचं ठरवलं होतं...

ए-१०४ काका: बाल्कनी!!! राजा पण बाल्कनीतच होता.

ए-६०२: आमच्या मामांकडे होता हो पॉम, काही नखरे नाहीत. उन्हाळा आला की मशीन फिरवून गोटा करून टाकायचे, गार राहायचा. इतकं घाबरवू नका तिला.

सी-२०२ ताई: गोटा अजिबात नको! पॉमला दोन थर असतात, वर लांब केस आणि आत मऊ लोकर. भादरलं तर कधी कधी ते परत येतच नाहीत, चट्टे राहतात. उघड्या कातडीला ऊनही लागतं. उन्हाळ्यात घर थंड ठेवायचं, फिरणं सकाळी लवकर, आणि आतली सुटलेली लोकर ब्रशने काढायची. आठवड्यातून ३-४ वेळा, मुळापासून, एकेक भांग पाडत. नुसता वरवर ब्रश फिरवला तर कानामागे आणि काखेत गुठळ्या होतात, त्या ओढल्या की रडतात बिचारी. आणि ५-६ महिन्यांचं झालं की पिल्लाचे केस गळून उंदरासारखं दिसायला लागतं. घाबरायचं नसतं, मोठेपणीचे केस यायला वेळ लागतो.

ए-६०२: बरं. मामांच्या वेळी हे कुणाला माहीत होतं.

बी-५०३ चिऊची आई: चिऊ उचलून फिरवेल सारखी, ते चालतं ना? ती दहा वर्षांची आहे पण धसमुसळी आहे.

सी-२०२ ताई: जमिनीवर बसून मांडीत घ्यायचं, उभ्याने उचलायचं नाही. पुढच्या पायाचं हाड पेन्सिलीएवढं असतं हो. चिंगी दीड वर्षांची असताना बेल वाजली म्हणून सोफ्यावरून उडी मारली आणि उजवा पुढचा पाय मोडला. ६ आठवडे प्लॅस्टर. रात्री ती प्लॅस्टर फरशीवर आपटत माझ्या पलंगापाशी यायची, टक टक टक, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तेव्हापासून सोफ्याला पायऱ्या लावल्यात आणि फरशीवर जाजम. गुडघ्याच्या वाट्या सरकणं, दात लवकर खराब होणं, श्वासनलिका बसणं, हे सगळं या जातीत फार. हंस ओरडल्यासारखा खोकला आला की श्वासनलिकेचं समजायचं. म्हणून गळ्यात पट्टा नाही, छातीचा हार्नेसच. दात रोज घासायचे. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे तोंडाला लागू द्यायचे नाहीत.

डी-४०४: ताई, यापेक्षा आमचं बाळ सोपं होतं.

सी-२०२ ताई: बाळ मोठं होऊन स्वतःचं स्वतः करायला लागतं. हे १२ ते १६ वर्षं तुमच्यावरच असतं.

ए-१०४ काका: मी तिसऱ्यांदा टाकतोय. कुत्रं आणण्याआधी वरच्या-खालच्या घरांना विचारा. दिवसभर घराला कुलूप राहणार असेल तर आणूच नका. लोकांना वाटतं मला कुत्र्यांचा राग आहे. राजा सकाळी ९ पासून संध्याकाळी ७ पर्यंत भुंकायचा, दोन वर्षं. शेवटी शेवटी घसा बसला होता त्याचा, तरी भुंकायचा. मी खालच्या घरात असायचो, मी ऐकलंय. तुम्ही सगळे कामावर असायचात.

सी-२०२ ताई: काका, तुमचं खरं आहे. मी आधीच म्हणायला हवं होतं. पॉम लिफ्टचं दार वाजलं तरी भुंकणार, राखण त्याच्या रक्तातच आहे. घरात माणूस असेल तर गप्प राहिल्यावर लगेच खाऊ देऊन शिकवता येतं, आपण ओरडलो तर त्याला वाटतं आपणही भुंकतोय. पण दिवसभर एकटं ठेवलेल्याला कुणीच शिकवू शकत नाही.

ए-१०४ काका: 🙏

बी-५०३ चिऊची आई: विकणाऱ्याला आत्ता फोन केला. आई बघायची आहे म्हटलं. म्हणे आई गावाला आहे. मग व्हिडिओ मागितला तर म्हणाला रविवारपर्यंत नाही घेतलं तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. दुसऱ्यांदा केला तर नंबर ब्लॉक.

सी-२०२ ताई: सुटलात.

सेक्रेटरी: ॲडव्हान्स दिला होता का?

बी-५०३ चिऊची आई: थोडा. तो गेला समजायचं. मे महिन्यात सासूबाई कायमच्या इकडे राहायला येणार आहेत, तेव्हा घरात कुणीतरी असेल. तेव्हाच बघू असं आम्ही दोघांनी ठरवलं.

सी-२०२ ताई: तोपर्यंत कुणी सोडून दिलेला, ३-४ वर्षांचा मोठा पॉमही शोधूया. त्याचं वजन, स्वभाव, भुंकणं सगळं आधीच कळतं. मी विचारते ओळखीत. पण आधी सासूबाईंना विचारा, दिवसभर त्यांनाच बघायचंय.

बी-२०३: ताई, दुपारचं मनावर घेऊ नका.

सी-२०२ ताई: घेतलं होतं. आता सोडलं.

बी-५०३ चिऊची आई: चिऊ रडून रडून झोपली. उद्या संध्याकाळी तिला चिंगीचा ब्रश करायला पाठवू का? निदान काय काय असतं ते कळेल तिला.

सी-२०२ ताई: ७ ला पाठवा. उजव्या पुढच्या पायाला ती अजून कुणाला हात लावू देत नाही, एवढं चिऊला आधी सांगून ठेवा.