टिंकरिंग म्हणजे खुडबूड, खटपट, जुगाड की नसते उद्योग?

विचारणा

आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतली मुलांनी हाताने करून बघायची प्रयोगशाळा, सुरू होतेय. सहावी ते बारावीच्या मुलांना थ्रीडी प्रिंटर, अर्डुइनो (प्रोग्राम भरून मोटारी, दिवे चालवता येतात असा छोटा सर्किट बोर्ड), सेन्सर, मोटारी, सोल्डरिंग आयर्न असं सगळं हाताळायला मिळेल. दारावरच्या फलकासाठी ‘टिंकरिंग’ला मराठी शब्द हवा आहे. ‘नवोपक्रम कक्ष’ असं एक नाव पुढे आलंय, पण तो शब्द निकालाबद्दल बोलतो. मला निकालाच्या आधीचं हवंय. वस्तू उघडून बघायची, तार इकडची तिकडे लावायची, चाललं नाही तर परत उघडायची. याला आपण काय म्हणतो?

प्रतिसाद १

ताई, खुडबूड. घरात कोणी रेडिओचं मागचं झाकण काढून बसलं की ‘काय खुडबूड चाललीय?’ असंच विचारतात. शब्द आवाजावरून आलाय, बारीकसारीक वस्तू हलवल्याचा, उचकल्याचा, पुन्हा ठेवल्याचा आवाज. हात वस्तूच्या आत आहेत, मन रमलंय आणि शेवटी काय हाती लागणार ते ठरलेलं नाही, एवढं सगळं या एका शब्दात बसतं.

खटपट वेगळी. तिला हेतू लागतो. ‘नळाच्या कनेक्शनसाठी बरीच खटपट केली’ म्हणजे अर्ज दिले, माणसं गाठली. ‘नळाशी खुडबूड केली’ म्हणजे पाना घेऊन स्वतःच बसलात.

प्रतिसाद २

जुगाड का नको? सगळ्यांना कळतो, मुलांच्या तोंडात आहे.

प्रतिसाद १

कळतो, पण अर्थ दुसरा आहे. जुगाड हिंदीतून आला. उत्तरेत शेतीपंपाचं डिझेल इंजिन गाड्याच्या सांगाड्यावर बसवून जे वाहन करतात, त्याचं नावच जुगाड. जुगाडात अडचण आधी असते आणि ती आज, आहे त्या सामानात भागवायची असते. म्हणूनच ‘पैशाचं जुगाड’ होतं, ‘तिकिटाचं जुगाड’ होतं. काम भागलं की जुगाड संपतं. खुडबुडीला अडचण लागतच नाही. चांगलं चालणारं घड्याळही माणूस उघडतो, कारण ते कसं चालतं हे त्याला बघायचं असतं. ताईंना शाळेत हे दुसरं हवंय.

प्रतिसाद ३

‘नसते उद्योग’ कुणीच कसं सुचवलं नाही? बेल लॅब्स या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधनसंस्थेत क्लॉड शॅनन नावाचा गणिती होता. त्याच्या टेबलावर एक पेटी असायची. बटण दाबलं की झाकण उघडायचं, आतून एक हात बाहेर यायचा, तेच बटण बंद करायचा आणि परत आत जायचा. बस, एवढंच. मूळ कल्पना मार्विन मिन्स्की या संगणकशास्त्रज्ञाची, १९५२ ची. इंग्रजीत या पेटीला ‘युसलेस मशीन’ म्हणतात. आज एक छोटी मोटार, दोन स्विच आणि बॅटरी घेऊन जगभरची पोरं ती बनवतात.

याच शॅननने १९४८ साली माहितीचं गणित मांडलं, ज्यावर आजचं सगळं डिजिटल दळणवळण उभं आहे. आणि १९५० मध्ये त्यानेच थिसियस नावाचा यांत्रिक उंदीर केला. २५ चौकोनांचा भुलभुलैया, फरशीखाली सरकणारं विद्युतचुंबक आणि टेलिफोन यंत्रणेतले रिले, म्हणजे विजेने आपोआप उघडझाप होणारे स्विच. उंदीर पहिल्यांदा धडपडत वाट शोधायचा, दुसऱ्यांदा सोडला की सरळ जायचा. आठवण उंदरात नव्हती, ती खालच्या रिलेंमध्ये होती. रोमन अंकांत हिशेब करणारं यंत्रही त्याने बनवलं. ते कशाला, असं विचारलं तर उत्तर नाही. पण उंदीर आणि ही पेटी सोडून फक्त १९४८ चा शॅनन घ्यायला मी तयार नाही. ते हात आणि ते डोकं एकाच माणसाचं होतं.

प्रतिसाद ४

काका, उदाहरण फार आवडलं, पण ‘नसते उद्योग’ या शब्दांत निवाडा आधीच दिलेला आहे. ‘उपद्व्याप’चंही तेच. कुणीतरी वैतागलंय हे त्यात गृहीत आहे.

रिलेंवरून ‘हॅक’ शब्द आठवला. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात टेक मॉडेल रेलरोड क्लब नावाचं खेळण्यातल्या आगगाड्यांचं मंडळ १९४६ पासून आहे. वर गाड्या आणि डोंगर, टेबलाखाली टेलिफोनच्या रिलेंचं जाळं. एप्रिल १९५५ च्या त्यांच्या इतिवृत्तात एक सूचना नोंदलेली आहे की विजेच्या व्यवस्थेवर काम किंवा ‘हॅकिंग’ करणाऱ्यांनी आधी वीज बंद करावी, नाहीतर फ्यूज उडतो. यंत्राशी केलेल्या उचापतीसाठी हा शब्द वापरल्याच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी ही एक मानतात. तिथे चोरी नाही, घरफोडी नाही. त्या वाक्यात ‘हॅकिंग’च्या जागी ‘खुडबूड’ घालून वाचा, अर्थ जराही हलत नाही. वर्तमानपत्रांनी पुढे ‘हॅकर’ला चोर केलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रतिसाद ५

मूळ ‘टिंकर’कडे कुणी गेलं नाही म्हणून लिहितो. टिंकर म्हणजे गावोगाव फिरून भांडी दुरुस्त करणारा. आपल्याकडे फुटक्या भांड्याला डाख लावतात, आणि सोल्डरला नेमका हाच शब्द आहे. कल्हईवाला तर या घराण्यातलाच: तो कथिल आणि नवसागर वापरतो, आपण सोल्डरच्या तारेत कथिल आणि राळ वापरतो. नवसागराचं आणि राळेचं काम एकच, धातूवरचा मळ काढून कथिलाला धरायला जागा करून देणं. निव्वळ कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. ६० टक्के कथिल आणि ४० टक्के शिसं घेतलं की १९० अंशांच्या आसपासच भागतं. (मुलांसाठी शिसं नसलेली तार घ्या, ताई. ती वितळायला थोडी जास्त उष्णता लागते, पण तीच घ्या.)

तेव्हा मुलांना ‘डाख लावायला’ शिकवताय असं बिनधास्त लिहा. त्यांच्या आजीला ते ‘सोल्डरिंग’पेक्षा लवकर कळेल.

प्रतिसाद ६

खुडबुडीला माझी हरकत आहे. तो लहान शब्द आहे. उंदीर खुडबूड करतो. माझ्या मुलीने मातीतला ओलावा ओळखून स्वतः पाणी सोडणारी कुंडी केली, तिला मी खुडबूड म्हणणार नाही.

प्रतिसाद १

कुंडीला म्हणूच नका. कुंडी हे यंत्र आहे, खुडबूड तिच्या आधी झाली. सेन्सर उलटा लावला असेल, पंप थांबलाच नसेल, त्या सगळ्या दुपारींना शब्द हवा आहे.

आणि शब्दाचं वजन वापराने वाढतं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्री. शं. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा अर्ध्यावर सोडलेली मुलं तिथे वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीजजोडणी प्रत्यक्ष करून शिकली. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शनफेल्डनी आपल्या फॅब लॅबची, म्हणजे कुणालाही यंत्रं वापरून हवी ती वस्तू बनवता येईल अशा कार्यशाळेची, कल्पना बाहेर आणली, तेव्हा एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक पाबळला झाली. हाताने करून बघणं आपल्याकडे आहेच, पण त्याचं नाव आपण फक्त रागावताना घेतो. फलकावर आलं की तेच नाव मुलं मानाने घेतील.

विचारणाकर्ती

‘खुडबूड खोली’ पक्कं करते आहे, खाली बारीक अक्षरांत ‘अटल टिंकरिंग लॅब’. आता लिहिण्याचं विचारते. नाम ‘खुडबूड’, सामान्यरूप ‘खुडबुडी’, म्हणजे ‘खुडबुडीचा तास’. करणारा ‘खुडबुड्या’. मुलींसाठी काय?

प्रतिसाद ४

‘खुडबुडी’. सामान्यरूपाशी गल्लत होईल असं वाटतं, पण ‘ती मोठी खुडबुडी आहे’ हे वाक्य स्वच्छ कळतं.

प्रतिसाद ५

आणि विभक्ती जपा. ‘रेडिओत खुडबूड’ म्हणजे आत हात घातला. ‘रेडिओशी खुडबूड’ म्हणजे बटणं फिरवणंही त्यात आलं. अर्डुइनोला मी ‘शी’ लावतो, कारण तिथे निम्मं काम तारांचं आणि निम्मं प्रोग्रामचं असतं. तुमची मुलं काय लावतात ते महिन्याभराने कळवा.